सिव्हिल म्हणजे कुठं

शमीम आपांचं नाव आधी घेते. सरकारी दवाखान्याच्या गेटवर त्या ड्युटी करतात. लातुरात माझं कुणी नाही. त्या नसत्या तर मी सामान बांधून देगलूरला परत गेले असते.

मी मेसमध्ये पोळ्या लाटते. शाळा सातवीतच सुटली. एका रिटायर सरांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती. सुरवातीला लई गोड. एकदा जिन्यात भावाचा फोन आला, मी सवयीनं "जय भीम, दादा" म्हणाले. सर खाली दारातच उभे होते. दुसऱ्या दिवशी माझा नळ बंद.

"सर, पाणी येईना."

"घर माझं, नळ माझा. खोली सोड. आधीच सांगायचं होतंस."

काय सांगायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. भाडं मी कधी थकवलं नव्हतं.

ठाण्यात गेले. हवालदारानं मान वर केली नाही. "हे सिव्हिल मॅटर हाय, बाई. तिकडं जा."

आम्ही सिव्हिल म्हणतो ते सरकारी दवाखान्याला. मी तिथं जाऊन केसपेपरच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्यानं विचारलं, "काय होतंय?"

"नळ बंद केलाय."

मागून एकजण ओरडला, "लघवीच्या डॉक्टरकडं धाडा हिला!" अख्खी रांग हसली. मी पदरात तोंड घालून रडले.

आपा हसल्या नाहीत. हात धरून बाहेर आणलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "रो मत, बेटी. ते कोर्टाचं म्हणले असतील. मला बी कायदा कळत न्हाई. पर कोर्ट कुठं हाय ते ठावं हाय." ड्युटी सुटल्यावर सोबत आल्या.

तिथं फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, भाडं देणाऱ्याचं पाणी मालकाला असं तोडता येत नाही. आपल्या राज्याच्या भाडे कायद्यातच तसं आहे.

मी विचारलं, "माझ्यासारखीचं बी?"

"कुणाचंच."

अर्ज दिलाय. तारीख पडलीय. नळ अजून कोरडाच. गल्लीतल्या हापशावरून घागर आणते, तेव्हा सर मला बघून दार लावून घेतात. जिना चढताना रोज वाटतं, कुलूपच बदललं असलं तर?

पण खोली मी सोडणार नाही. काढायचं तर कोर्टानं काढावं.

आपाबी भाड्यानंच राहतात. उद्या त्यांना कुणी खोली सोडा म्हणालं, तर मी मेसला सुट्टी टाकून त्यांच्या दारात उभी राहीन. आणि त्यांच्याआधी मी बोलेन.