रंभाबाईचा उजवा हात

मुखरूभाऊंच्या गुडघ्यावरून धानाची बैलगाडी गेली आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात दर आठवड्याला व्यायामासाठी जाणं आलं. गावातून सकाळची बस नव्हती. लेक रंजीता नर्सिंगला नागपूरला गेल्यापासून तिची सायकल पडवीत उभी होती. तिची आई रंभाबाई पंचेचाळिशीची. धान कापलेल्या मोकळ्या बांधीत सायकल शिकताना ती चारदा पडली, चारदा उठली आणि संक्रांतीपर्यंत नवऱ्याला कॅरियरवर बसवून डांबरी रस्त्याला लागली.

एकच अडचण होती. हँडलवरचा एक हात सुटला की सायकल आडवी. आणि शहरातल्या मोठ्या चौकात दवाखान्याकडे उजवीकडे वळावं लागे.

पहिल्याच दिवशी ती तशीच वळली. मागच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ट्रॅफिक पोलीस उर्वशीनं दोघांना बाजूला घेतलं.

"बाई, हात दाखवा न! मांगच्याले कसं समजन तुमी वळून राह्यल्या?"

"हात सोडला का पडतो मॅडम आमी. दोघंबी."

उर्वशीनं कॅरियरकडे पाहिलं. "भाऊचे दोन्ही हात रिकामेच हायेत ना?"

तेव्हापासून मुखरूभाऊ इंडिकेटर झाले. हात लांबून दिसावा म्हणून पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घालू लागले. चौक जवळ आला की मागे वळून बघत, हात ताठ करत आणि ओरडत, "वळव!" काम त्यांना इतकं आवडलं की दुखण्याची कुरकुर बंद झाली. फक्त ओळखीचं कुणी दिसलं की तोच हात राम रामासाठी वर जाई. एकदा सोयऱ्याला हात केला आणि मागची एसटी थांबली. कंडक्टर दारातून विचारतो, "भाऊ, चढता का?"

"राम राम तोंडानं घालत जा जी!" रंभाबाई भडकली.

मग गुडघ्याचं छोटं ऑपरेशन ठरलं आणि मुखरूभाऊ दवाखान्यात राहिले. दुसऱ्या दिवशी रंभाबाई भाताचा डबा घेऊन एकटीच निघाली. चौकाच्या अलीकडे तिनं पाय टेकवला. उतरून सायकल ढकलत नेता आली असती. पण मागे पाहिलं, वाहनं जरा दूर होती. पायडल मारलं आणि उजवा हात सोडला.

सायकल डगमगली. डब्याची पिशवी झुलली. डाव्या हातानं हँडल गच्च धरलं आणि चाक सरळ झालं. मागची मोटरसायकल हळू झाली, तिच्यामागचा ट्रकही. उर्वशीनं समोरची वाहनं रोखली. रंभाबाई वळली, पुढे गेली, तरी हात आत घ्यायचं तिला भानच नव्हतं. दवाखान्याच्या गेटवर वॉचमन घाबरला.

"बाई, कोणाले थांबवून राह्यल्या?"

खाटेवरच्या नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं, हात करून दाखवत. बाजूच्या रुग्णाची बायको सोमारी चटईवर हसता हसता उठून बसली. मुखरूभाऊंनी मात्र आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"मंग मायं कामच गेलं."

"काऊन? घरी जातानी डावीकडं वळाचं रायते ना. तो हात अजून नाई सुटत मायाकडून."

मुखरूभाऊंनी डबा उघडला, भाताचा घास घेतला आणि विचारलं, "सुट्टी कवा देतेत म्हणाले डॉक्टर?"