दाजींची स्वस्तातली भुतं

वाईट सिनेमा नावाची वस्तू जगात नसतेच, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी. केज तालुक्यात, आमच्याच गावात थोडी कोरडवाहू जमीन, दावणीला एक गाय आणि डोक्यात रबरी मुखवटे, डब्यातलं लाल रक्त आणि दोऱ्यावर उडणारी वटवाघळं. लोक चांगल्या सिनेमासाठी वाट वाकडी करतात. दाजी सपशेल पडलेल्या सिनेमाच्या शोधात एसटीनं केजपासून सिरसाळ्यापर्यंत हिंडायचे. चांगल्या सिनेमाचा तर त्यांना रागच होता. एकदा मी त्यांना हौसेनं एका भारी खर्चाच्या भुताच्या सिनेमाला नेलं, तर हे मध्यंतराला बाहेर येऊन शेंगा फोडत बसले ते परत आत गेलेच नाहीत. म्हटलं, "काय झालं दाजी?" तर म्हणाले, "पैसा वतून भूत कुणी बी करंल रं. जवळ काई न्हाई आन् तरी भ्या दावलं, तर ती कला हाय."

त्यांची बघण्याची रीतही वेगळी. सगळे पडद्याच्या मध्ये बघायचे, दाजी कडा बघायचे. केजच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलात दुपारच्या खेळाला पहिल्या बाकावर बसून ते चेटकिणीच्या मनगटावरचं घड्याळ शोधायचे, प्रेताची छाती हलते का बघायचे, आणि सापडलं की एवढ्या आनंदानं टाळी द्यायचे की शेजारचा दचकायचा. हेटाळणी त्यात तसूभरही नसायची, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढं सगळ्यांनी तेच त्यांच्यावर लादलं. परग्रहावरचं विमान म्हणून कुणीतरी स्टीलचं ताट दोऱ्याला बांधून फिरवलेलं होतं, तेव्हा हा माणूस डोळे पुसत होता. "आपल्या घरातलं ताट हाय त्ये! आन् बग कसं उडवलंय!" एक बिचारा नट प्रत्येक सिनेमात दोन-तीनदा मरायचा, कधी मिशी लावून, कधी काढून. त्याला दाजींनी 'मरणारे काका' असं नाव ठेवलं होतं, आणि एखाद्या सिनेमात काका दिसले नाहीत तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. "आजारी असतील का रं? का काम मिळंना?" आक्का, म्हणजे माझी बहीण, कपाळावर हात मारायची. "टँकरपुढं घागरी घिऊन मी हुबी, आन् ह्यास्नी मेलेल्या माणसाच्या तब्येतीची काळजी!"

त्या वेळी सलग दुसरं वर्ष पावसानं दगा दिला होता. आमच्या गावच्या सोसायटीनं चारा छावणी उघडली. मी त्याच सोसायटीत सचिव होतो, म्हणजे चेअरमन सांगतील ते लिहिणारा माणूस. अर्ध्या गावाची जनावरं माळावर आली आणि त्यांच्यामागं माणसंही. हरणीला, म्हणजे आक्काच्या गाईला, दाजी तिथं घेऊन बसले. ही गाय आक्कानं वासरापासून बाटलीनं दूध पाजून वाढवली होती; तिच्यावर कुणी आवाज चढवलेला आक्काला चालत नसे. छावणीत दुपार सरता सरायची नाही. कडबा टाकला, पाणी दाखवलं, की माणसांनी करायचं काय? मग दाजी उठायचे, उसाचे वाढे केसांसारखे डोक्यावर धरायचे आणि अख्खा सिनेमा करून दाखवायचे, भूतही तेच, भुताला भिणारी बाईही तेच आणि शेवटी येणारा पोलीसही तेच. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या उन्हाळ्यात त्या माळावर दुसरं हसण्यासारखं काही नव्हतं, आणि एवढी आठवण तरी गावानं ठेवायला हवी होती. गावानं ठेवली नाही.

शेजारच्या गावची छावणीही आमच्या चेअरमनच्याच घरातली होती. सरकारी अनुदान वहीतल्या आकड्यावर मिळायचं, म्हणून वहीत जनावरं जास्त आणि दावणीला कमी, अशी दोन्हीकडची परिस्थिती. मग तपासणी असली की तहसीलचे साहेब एक छावणी बघून चहाला बसायचे, तेवढ्यात टेम्पो तिथली जनावरं भरून आडरस्त्यानं दुसरीकडं न्यायचा. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं म्हणा, पण वही माझ्या हातात होती.

तपासणीच्या त्या दिवशी मी सकाळी शेजारच्या छावणीवर निघालो, तर दाजी मोटारसायकलवर मागं बसले. तपासणी उरकली की मी त्यांना केजला दुपारच्या खेळाला सोडणार, असं ठरलं होतं. तिथं साहेबांनी जनावरं बघितली, चहा झाला, आणि आम्ही त्यांच्या गाडीमागून आमच्या छावणीवर आलो. दुसऱ्याच दावणीला एक पांढरा बैल उभा होता. डावं शिंग अर्धं मोडलेलं, कानाला चीर. तासाभरापूर्वी तो तिकडं उभा होता. फरक एवढाच की आता त्याची शिंगं लालभडक होती आणि रंग अजून ओला होता. मी त्याला ओळखलं आणि वहीत मान घातली.

दाजींनीही ओळखलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला पुढचं कळून चुकलं, पण त्यांचा हात धरायला मी पुढं झालो नाही. त्यांनी कडकडून टाळी वाजवली. "आरं, ह्यो तर तिकडं हुता! डबल रोल! शिंगं बी रंगवल्यात! वा रं पठ्ठे, एका बैलात दोन छावण्या!" ते दाद देत होते. ज्यानं कुणी चार आण्याच्या रंगात हे जमवलं होतं, त्याची पाठ थोपटायला हा माणूस खरोखर इकडंतिकडं बघत होता. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा मोजू."

उद्या मोजायला बैल होता कुठं? टेम्पो त्याला संध्याकाळच्या आतच घेऊन गेला होता. चेअरमननी माळावर सगळ्यांना गोळा केलं आणि गळा भरून आणला. "मुक्या जीवांसाठी येवढं करून आमी चोर ठरत आसू, तर न्या बाबांनो आपापली जनावरं." छावणी बंद. लोक त्यांच्या पाया पडले, चेअरमन हलले नाहीत. चौकशी नावाला झाली. चेअरमनचं काही वाकडं झालं नाही, त्यांची दुसरी छावणी मेव्हण्याच्या नावानं सुरूही राहिली, आणि गावाचा राग निघाला तो दाजींवर. दाजीनं छावणीची टिंगल केली, म्हणू लागले. असा बैलच नव्हता, म्हणू लागले. दाजीला भुतं बघून बघून भास होतात, म्हणू लागले. ज्यांनी तो बैल टेम्पोतून उतरवला होता, तेही म्हणू लागले. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी वहीत बघत होतो.

घरी चारा नव्हता. दोन आठवड्यांत हरणीच्या बरगड्या दिसू लागल्या, आणि एका मंगळवारी दाजी तिला स्वतः चालवत केजच्या बाजाराला घेऊन गेले. आक्का दारात उभी राहिली नाही. संध्याकाळी दाजी नुसतं दावं घेऊन परत आले तेव्हा ती म्हणाली, "तुमची टाळी मला लई महाग पडली." पुढं पाऊस पडला, दुसरी जनावरं आली, पण गाव पारावर दाजींना जागा देईना, आणि आक्काच्या बोलण्यातली ती धार काही गेली नाही. सिनेमा बघणं दाजींनी सोडलं. आपण होऊन मी कधी विषय काढला नाही. मला कुठल्या तोंडानं काढता येणार होता?

गेल्या वर्षी मी त्यांना डोळ्यांच्या तपासणीला बीडला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी मोतीबिंदू नाही म्हणून सांगितलं, नजर या वयाला उत्तम आहे म्हणाले. लिहून दिलेले थेंब घेऊन आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक इचारू का? त्यो बैल तुला बी दिसला हुता न्हवं?"

इतकी वर्षं ते तेवढ्यासाठी थांबले होते, हे मला त्या क्षणी कळलं. चेअरमन वारले, मी निवृत्त झालो. खरं बोलून माझं काहीही जाणार नव्हतं. पण हो म्हटलं असतं, तर मी इतकी वर्षं का बोललो नाही तेही सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांनी आक्काला सांगितलं असतं.

"नाही दाजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "आसंल. ऊन लई हुतं त्या दिवशी," म्हणाले, आणि माझ्या हातातली औषधांची पिशवी आपल्याकडं घेतली, मला ओझं नको म्हणून. एसटी येईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.