जेवलात की जेवलास

गेल्या शनिवारी शारजात एका परदेशी सिरीजच्या शूटिंगला गेलो होतो... अभिनेता म्हणून नव्हे, गार्डियन म्हणून. आमची सई सतरा वर्षांची, त्यामुळे सेटवर पालक लागतो.

तिला छोटासा रोल मिळाला होता. दुबईत शिकणारी जोशी आडनावाची मुलगी पुण्यातल्या वडिलांना फोन करते, एवढाच सीन. त्यात तिला एकच वाक्य... पण इतक्या ऑडिशन्सनंतर मिळालेलं पहिलं.

वाक्य काय, तर "पापाजी, खाना खाया?"

आता जोशींच्या घरात पापाजी कुठून आले... मी इथल्या हमरिया फ्री झोनमध्ये मशीन शॉप बघतो. ड्रॉइंग वाचायला माझं मी शिकलो, इंग्रजीही सिनेमांची सबटायटल्स वाचून शिकलो, त्यामुळे बारीकसारीक चूक मला लगेच टोचते. परदेशी पडद्यावर सगळा भारत एकाच घरात राहतो, आणि त्या घरात कायम कुणाचं तरी लग्न असतं.

घरी मी त्याऐवजी सईकडून "बाबा, तुम्ही जेवलात का?" घोटून घेतलं होतं. वडील जुन्या वळणाचे निवृत्त हेडमास्तर, असं स्क्रिप्टमध्येच लिहिलंय. म्हणजे अहो-जाहोच हवं.

गाडीत सई म्हणाली, "डॅड, प्लीज, डोन्ट से एनिथिंग देअर. दे विल जस्ट कट माय लाइन."

म्हटलं, नाही बोलत. मॉनिटरच्या मागे खुर्ची दिली होती, हातात इकडचा दुधाळ 'करक' चहा होता... रिहर्सल सुरू झाली. पापाजी. पुन्हा पापाजी.

मग सईच थांबली. दिग्दर्शिकेला म्हणाली, "सॉरी, पण जोशींच्या घरात असं कुणी म्हणत नाही."

संवाद बघणाऱ्या दिल्लीच्या मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "बेटा, हिंदी सबको समझ आती है."

दिग्दर्शिका गोरी, तिला दोन्ही सारखंच. तिने सईला विचारलं, "तू घरी काय म्हणतेस?"

"बाबा, जेवलास का?"

जेवलास... 'जेवलात' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दिग्दर्शिका माझ्याकडे वळली. "सर, इज दॅट करेक्ट?"

सई माझ्याकडे बघत होती. मी दुरुस्ती केली असती तर मॅडम म्हणाल्या असत्या, यांचंच ठरत नाही, पापाजीच ठेवूया.

हेडमास्तरांच्या हिशेबाने चूकच. पण आमची सई भांडते इंग्रजीत, हसते इंग्रजीत. दुपारी मला कामावर फोन करून जेवणाचं विचारते, तेवढं मात्र मराठीत... ते मी तिला शिकवलेलं नाही. तिची आई मला विचारते ते ऐकून तिने उचललंय, म्हणून 'जेवलास'.

म्हटलं, "यस. परफेक्टली करेक्ट."

पहिल्याच टेकला ओके झालं.

परतताना सई म्हणाली, "डॅड, यू लाइड."

"छे. पोरगी लांब गेल्यावर हेडमास्तर जरा मवाळ झाले असतील."

"सो आर यू ऑलसो मवाळ नाऊ?"

"मला समोर बघू दे, एक्झिट चुकेल."

'तुम्ही घरी काय म्हणता?' असं आपल्या माणसांना कुणी विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या बाईंचे मनापासून आभार. आणि पडद्यावर बापाला अरे-तुरे करणारी मराठी मुलगी बघून कुणाला खटकलं, तर माझ्याशी बोला... करेक्ट आहे म्हणून मीच सांगितलंय.