झीलची काकडी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हाला नरपडमध्ये कोणीही सांगेल. किनाऱ्यावरची कुत्रीसुद्धा सांगतील. हळदीच्या मांडवात माइक हातात आला की नवरदेवाच्या पणजोबांनी मगरीशी कुस्ती केल्याची गोष्ट मी अशी रंगवते, की नवरदेवालाही ती खरी वाटायला लागते. माझा धंदाच तो. हळदी, वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं – बोलायला मला बोलावतात. पण एक गोष्ट अशी आहे, जी नऊ वर्षांत मी ना आईला सांगितली, ना नवऱ्याला. आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आणि यात वाढवून काही सांगणार नाही. म्हणजे – सुरुवातीला थोडं वाढवीन, सवय आहे. पुढे नाही.

तेव्हा मी बारावीला होते, डहाणूला मुलींच्या वसतिगृहात. बत्तीस मुली आणि एक टीव्ही. शनिवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेतली पोरंपोरी, त्यांची भांडणं, त्यांची प्रेमं, आणि कुणाच्याही केसांना कधी तेल नाही. नायिका झील. ती रडली की आमच्या हॉलमध्ये फरशी पुसायला दोन बायका लागायच्या. मग टीना, श्रीमंत आणि कजाग. आणि पॉली, जी सदानकदा काहीतरी चघळत असायची.

मी तिथं एक शोध लावला. माणूस काय खातो, त्यावरून तो मालिकेतला कोण ते ओळखता येतं! शोधाला वजन यावं म्हणून मी एक मामाही तयार केला. मला मामा नाही, आई एकुलती एक. पण हा मामा मालिकेच्या शूटिंगवर जेवण वाढायचा. त्याच्याकडून मला पक्की खबर होती, की आमच्या नरपडच्या सुक्या बोंबलाचा ठसका बसल्याशिवाय टीनाला रडूच येत नाही, आणि पॉली एका बैठकीत चिकूंची पाटी संपवून वर बिया मोजून दाखवते. जेवणाच्या पंगतीत मुली माझ्याभोवती जमायच्या.

"मला तिखट आवडतं, मी कोण गं?"

"टीना. पण मनानं चांगली."

"आणि मी? मला डाळीवरचं पाणी आवडतं."

"तू मालिकेत नाहीस बाई, तू मधल्या जाहिरातीत आहेस."

हसून हसून पोरींच्या ताटातला भात उडायचा. त्या एका खेळावर मी अख्ख्या वसतिगृहाची राणी झाले होते. हे लक्षात ठेवा. मला ते पद फार आवडत होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर लक्षी असायची. गंजाडच्या पलीकडच्या पाड्यावरची. घरी उतारावरचं भाताचं, नागलीचं शेत. बोलायची मोजकं. पण झीलचे संवाद तिला तोंडपाठ. टीव्हीसमोर तिचे ओठ झीलच्या अर्धा क्षण आधी हलायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी वसतिगृहात कार्यक्रम होता आणि झीलचा एक प्रवेश करायचं ठरलं. झील कोण होणार? जिचं खाणं झीलशी जुळेल ती. न्यायाधीश कोण? सांगायला नकोच.

मला खरं तर लक्षीलाच झील करायचं होतं. हे खरं आहे. पण हे सांगून मी स्वतःची बाजू घेतेय का? असेल. बाजूला ठेवा ते.

झील एका भागात काकडीचं सँडविच खाते. म्हणून मी परीक्षा ठेवली काकडीची. सगळ्या मुली गोल बसलेल्या, मी काकडीच्या चकत्या केल्या, मीठ लावलं आणि पहिली चकती लक्षीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"नवी काकडी नाही चालत मला. अजून बारस व्हायचीय."

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी त्यांच्या पाड्यावर नवं पीक आधी देवापुढे ठेवतात, मग माणसं खातात. तोवर नवा भात नाही, नवी काकडी नाही. वेलावर काकड्या लोंबत असतात, लहान पोरंसुद्धा हात लावत नाहीत. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणू? कसं म्हणू? आमच्यात नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. घरात मासळीचा खडखडाट असला तरी माझा बाप होडीकडे पाठ करून बसायचा. पाळणूक म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण गोलातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे झील नाहीच होत ही. खेळच फुसका." आणि दोघीतिघी हसल्या – माझ्यावर. तेवढंच. एवढंच घडलं होतं.

मी म्हटलं, "अगं, ही नवी कुठाय? ही वापीकडची, प्लास्टिकच्या घरातली. तिथं बारा महिने वेल असतो, मातीसुद्धा नसते, पिशवीत उगवतो. त्याला नवं काय नि जुनं काय?"

लक्षीनं माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"दर्याची शपथ."

तिनं चकती खाल्ली. मग दुसरी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आणि दोन दिवसांनी तिनं झील अशी केली – इथं मला वाढवावं लागत नाही – की आमच्या रेक्टरबाई पदराला नाक पुसत होत्या.

काकडी मी त्याच सकाळी बाजारात एका म्हातारीकडून घेतली होती. "कुठली गं आजी?" मी विचारलं होतं. "गंजाडची," ती म्हणाली होती. काकडीवरची लाल माती मीच नळाखाली चोळून काढली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एक चकतीच ना? मीही तेच म्हणत होते. सुट्टी संपेपर्यंत.

सुट्टीहून लक्षी आली ती सुकलेली. बारशीच्या दोन दिवस आधी अवेळी पाऊस पडला होता. कापून शेतात पसरलेला त्यांचा भात भिजला, लोंब्यांना तिथंच कोंब फुटले. वर्षाचं खाणं होतं ते. घरातल्या थोरल्यांनी सगळ्यांना बसवून विचारलं, बारशीआधी कुणी नवं तोंडात घातलं का? लक्षी नाही म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोलले होते.

आणि घरात एक नवी वहिनी होती. तलासरीकडची, लग्नाला वर्ष झालेलं, पाचवा महिना. ती आदल्या आठवड्यात काकडीच्या वेलापाशी उभी असलेली कुणीतरी पाहिली होती. डोहाळे लागलेली बाई, वेलापाशी. अजून काय पुरावा हवा? ती रडून सांगत होती, मी सावलीला उभी होते. कुणी ऐकलं नाही. पाड्यासमोर तिला कान धरून माफी मागायला लावली. तिसऱ्या दिवशी ती माहेरी निघून गेली.

लक्षी खाटेवर बसून हे सांगत होती, आणि मग म्हणाली, "मीपण बोलले तिला. म्हटलं, तुझ्या जिभेपायी माझा दादा वर्षभर उपाशी राहील. पण कबूल करायला काय झालं होतं गं तिला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. ती जागा होती, ती वेळ होती. लक्षी घरी जाऊन सांगू शकली असती, वहिनी परत आली असती. माझं काय गेलं असतं? राणीपण. मी तोंड उघडलं – आणि काय म्हणाले ठाऊक आहे? "तुझी वहिनी म्हणजे अगदी टीना."

लक्षी हसली. रडता रडता हसली.

वहिनी परत आली दीड वर्षानं, कडेवर मुलगी घेऊन. तोवर नवऱ्यानं लेकीला पाहिलंही नव्हतं. ते दीड वर्ष तलासरीत तिनं कसं काढलं, कोण काय म्हणालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. लक्षी आता नर्स आहे. आमचं फोनवर बोलणं असतं, मी तिला हसवते. प्रत्येक वेळी वाटतं, या वेळी सांगू. प्रत्येक वेळी एखादी नवी गोष्ट सांगून फोन ठेवते.

यंदा तिनं मला बारशीला घरी नेलं. देवापुढे नवं ठेवण्याआधी लक्षीची आई चुलीपासून उठली आणि वहिनीकडे वळली. आता ती घरातली गंमत झालीय – दर वर्षी सासू आधी वहिनीचा हात हुंगते, काकडीचा वास येतो का पाहायला. वहिनीनं न सांगता हात पुढे केला. तिची आठ वर्षांची मुलगी शेजारी उभी होती. तिनंही आईचं बघून आपला हात पुढे केला. सासू म्हणाली, "हिचापण बघाया होवा, शेवटी तिचीच पोर!"

सगळे हसले. वहिनीही हसली, खाली बघून.

मीही हसले. त्या अंगणात माझंच हसू सगळ्यात मोठं होतं.