नोकरीवाला पाहिजे

त्या माणसाचा मोबाईल मी नीट करून दिला, याचा मला आजही राग येतो. बाकी सगळं मी एकवेळ सोडून दिलं असतं.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षीची गोष्ट. दारव्ह्याला मुलगी पाहायला गेलो होतो. आई, मोठा भाऊ, वहिनी, मामा आणि मी, एका काळीपिवळी जीपमध्ये कोंबून. स्थळ मामानंच आणलेलं. घरची शेती भाऊ करायचा. मी घरी बसून मोबाईलवर खेळायचे लहानसहान गेम बनवायचो आणि ते कसे बनवायचे, याचे मराठीतून व्हिडीओ टाकायचो. त्यावर माझं पोट भरत होतं. त्या वर्षी तर भावाच्या कापसापेक्षा बरं भरत होतं, पण हे कोणाला पटवायची सोय नव्हती. गावाच्या लेखी मी रिकामाच. कास्तकाराला तेव्हा कोणी मुलगी देत नव्हतं, चपराशी चालायचा. मी तर धड कास्तकार नाही आणि चपराशीही नाही.

मुलीचे वडील सोफ्यावर बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला आणि हातात स्कूटरची किल्ली. त्या किल्लीनं ते कान खाजवायचे. बारा एकर काळी जमीन, स्वतः पक्के कास्तकार. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हटलं, गेम बनवतो. ते मामाकडे पाहून हसले.

आता मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला आला जोर. मी त्यांना गेम इंजिन समजावायला लागलो. म्हटलं, काका, हे गेम बनवायचं अवजार असते. चित्रं आपण टाकायची, कोण कसा चालेल, कशाला धडकेल ते आपण लिहायचं, बाकी ते सांभाळते. मी वापरतो ते जगभरच्या लोकांनी मिळून बनवलं आहे. फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे, कोणीही घ्यावं, आपल्या मनासारखं बदलावं. वीस मिनिटं बोललो असेन. आई पदराआडून डोळे वटारत होती, ते मला दिसलंच नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला, म्हणाले, हँग होऊन राह्यला, पाहा बरं जरा. आणि मी मूर्खासारखा तो घेतला. लग्नाच्या बोलण्याला आलेला नवरदेव, मान खाली घालून त्यांचे गुड मॉर्निंगचे फोटो पुसत बसला. पोहे गार झाले. मोबाईल चालू झाल्यावर त्यांनी तो दोनदा उघडून पाहिला, खिशात घातला, आणि मग मामाला म्हणाले,

"पोरगा हुशार हाय. पण फुकटच्या अवजारावर संसार होत नाही जी. आमाले नोकरीवाला पाह्यजे."

येताना गाडीत भावानं नुसतं एवढं म्हटलं, की मोबाईल कायले नीट करून देला बे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी ठरवलं, या बुढ्याची जिरवायची.

दोन महिने मी दुसरं काम केलं नाही. गेमचं नाव ठेवलं ‘नोकरीवाला पाहिजे’. एक पोरगा घरोघरी मुलगी पाहायला जातो. दर घरी सोफ्यावर एक सासरा. त्याचे प्रश्न चुकवत, पोह्यातल्या मिरच्या टाळत, मुलीचा ट्रे तुमच्यापर्यंत यायच्या आत उत्तर द्यायचं. चुकलं की सासरा चपला दाखवतो. शेवटच्या घराला मी दारव्ह्याच्या त्या घराचंच हिरवं लोखंडी फाटक लावलं, फाटकासमोर हातपंप ठेवला, आणि आत बसवला तो, कपाळावर चष्मा, कानात किल्ली. त्याला हरवायची सोयच ठेवली नाही. नोकरी सांगा, बंगला सांगा, काहीही सांगा, तो मोबाईल पुढे करतो, तो नीट करावाच लागतो आणि मग तुम्ही हरता. सांगायला लाज नाही, तो पहिल्यांदा पडद्यावर चालला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो.

आपल्या जिल्ह्यात बिनलग्नाची पोरं काय कमी होती! गेम असा पळाला, की माझाच विश्वास बसेना. दारव्ह्याच्या बाजारात भाजीवाल्याच्या पालाखाली पोरं टोळक्यानं खेळायची. फाटक ओळखायला कितीक वेळ लागतो? महिन्याभरात तो माणूस पानठेल्यावर उभा राहिला की मागून आवाज यायचा, काका, मोबाईल हँग झाला का? मामानं मला हे सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता. मी मात्र पोट धरून हसलो. पुन्हा सांग, म्हटलं. दोनदा सांगायला लावलं.

मग मला दानशूरपणाचा झटका आला. ज्या अवजारावर जगतो ते उघडं, तर आपलाही गेम उघडा करू. व्हिडीओ टाकला, की हा घ्या सगळा कोड, आपापल्या गावचा सासरा बसवा, फक्त मूळ बनवणाऱ्याचं नाव काढू नका, तेवढा एकच नियम. पुसदच्या एकानं बँकेतला सासरा केला. मुकुटबनच्या पोरांनी तर सासऱ्याला बैलगाडीवर बसवलं. पण हिरवं फाटक कोणीच काढलं नाही. त्याच्यावाचून मजा नव्हती. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामा बातमी घेऊन आला. दारव्ह्याच्या त्या मुलीचं पुसदला जमत आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, अगदी त्यांना पाहिजे तसाच. मंडळी बोलणी पक्की करायला आली, गाडीतून उतरली, आणि नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ फाटकापाशीच हसायला लागला. हातपंप पाहून तर त्याला आवरेना. आत बसल्यावर त्यानं सगळ्यांना तो गेम दाखवला. नवऱ्या मुलाच्या बापाला आपलं हसं व्हायला नको होतं. मंडळी चहा पिऊन उठली ती परत आलीच नाही. त्यानंतर दुसरं स्थळही फाटकावरूनच फिरलं.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. भोग म्हटलं, नोकरीवाला पाहिजे होता ना? मामा म्हणाला, अरे, स्थळ त्याचं नाही मोडलं, तिचं मोडलं. एवढं बोलून तो उठून गेला. मी म्हटलं, मोडलं तर मोडलं, माझं नव्हतं मोडलं? पण त्या दिवशी जेवण गेलं नाही, हेही खरं.

दिवाळीच्या आसपास वहिनी मोबाईल घेऊन माझ्यासमोर आली. हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलेलं.

"भावजी, हे तुमीच ना?"

माझाच गेम होता, पण उलटा केलेला. यात खेळायचं ते ट्रे घेऊन येणाऱ्या मुलीकडून. समोर एकामागून एक पोरं पाहायला येतात. एक नुसताच खातो, एक आईला विचारून बोलतो. शेवटचा कॉम्प्युटरवाला. तो बापाकडे तोंड करून बसतो आणि बोलायला लागतो, इंजिन असं, इंजिन तसं. त्याचं बोलणं संपतच नाही. मुलीनं बोलायचं बटण दाबलं की तो आणखी मोठ्यानं बोलतो. मग त्याच्या हातात मोबाईल येतो आणि तो त्यात मान घालतो. बटण किती दाबा, मुलीचा एक शब्द उमटत नाही. फाटक हिरवंच होतं, हातपंपही तिथंच. शेवटी काळ्या पडद्यावर मूळ बनवणाऱ्याचं नाव, माझं, पूर्ण, ठळक अक्षरात. एकही नियम मोडलेला नव्हता.

माझ्या गेमपेक्षा तो जास्त चालला. पोरी खेळायच्या, त्यांच्या आया खेळायच्या. वहिनीच्या माहेरी तर मी ‘इंजिनवाला’ झालो. माझा नुसता तिळपापड झाला. कुठल्या पोरट्याचं काम आहे ते शोधून त्याला सरळ करतो, म्हणून हा उलटा गेम बनवणाऱ्याचं नाव पाहिलं. ओळखीचं वाटलं नाही. वहिनीनं वाचलं आणि ती हसायची थांबली. म्हणाली, तिचंच नाव आहे. तुम्ही पाहायला गेलता ती.

तिच्या बायोडाट्यावर नंबर होता. सकाळीच फोन लावला. भांडायचंच म्हणून लावला होता. ती म्हणाली, बोला. विचारलं, हे शिकलात कुठं? म्हणाली, तुमच्याच व्हिडीओतून, चांगलं शिकवता तुम्ही. आवाजात टोमणा नव्हता, त्यानं मी अजूनच गडबडलो. म्हटलं, माझं भांडण तुमच्या वडिलांशी होतं. वर म्हटलं, मी माझा गेम काढून टाकतो. म्हणाली, काढून काय होते, गावोगावी गेला तो, तुम्हीच वाटला. मग तिनंच विचारलं,

"त्या दिवशी मी काय घातलं होतं, सांगता?"

एवढं तर कोणीही सांगेल. डोळ्यांपुढे होतीच ती, हातात ट्रे, डोक्यावर पदर.

"गुलाबी साडी," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला. गुलाबी साडीतली ती मुलगी मी गेमसाठी इंटरनेटवरच्या फुकट चित्रांतून उचलली होती. त्या बुढ्याच्या कानातला केस न् केस मी आजही काढून दाखवीन. ती माझ्यासमोर अर्धा घंटा बसली होती, असं वहिनी सांगते.