गोदामातली सहा

"अगं, या सहा जणांना घे आणि गोदामात जाऊन बस. साहेब जाईपर्यंत चकार शब्द ऐकू येता कामा नये."

मोठ्या बाईंनी मला हे वर्गाच्या दारात सांगितलं, पोरांच्या देखत. शाळा त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली. चौक गावापासून कोसभर आत, भाताच्या गिरणीला लागून दोन खोल्या. तिसरंच वर्ष. सूनबाई म्हणून त्या मुख्याध्यापिका. शिक्षिकेचा कोर्स तिघी शिक्षिकांत फक्त मी केलेला. तरी बाकीच्या दोघींना "बाई" आणि मला "अगं". माझं घर गावकुसाबाहेरचं, एवढंच कारण. पाण्याचा पेलासुद्धा मी घरून आणायचा. वर्षभर आणला. नोकरी हवी होती, गप्प बसले.

तो दिवस मान्यतेच्या तपासणीचा. पट भरावा म्हणून ठाकूरवाडीच्या आदिवासी पाड्यावरची सहा मुलं वर्षाच्या सुरुवातीलाच आणलेली. तपासणीच्या साहेबांनी सकाळी डोकी मोजली, आकडा लिहिला आणि चहाला गेले. तेवढ्यात ही सहा वर्गाबाहेर. मोजायला चालतात, दाखवायला नाही. त्यांच्याबरोबर मीही.

गिरणीच्या गोदामात कोंडा, धूळ, पोत्यांच्या थप्प्या. भिंतीपलीकडे दुसरीचा वर्ग एका सुरात धडा म्हणत होता. मोठ्या बाईंनी पंधरा दिवस तोच एक धडा घोकून घेतला होता. कुठल्या शब्दाला पुस्तकात बोट कुठे ठेवायचं, तेसुद्धा. मी एकदा म्हटलं होतं, "बाई, मुलांना अक्षरं येत नाहीत."

"तुला कोणी विचारलं?"

वाडीवरची सहा मात्र "तुझी तू बघ" म्हणून माझ्या गळ्यात टाकलेली. पडवीत बसवून त्यांना मी एकेक अक्षर शिकवलं होतं.

पोत्यावर टेकले आणि रडू आलं. कशाला शिकले मी एवढं? ज्याला सांगावं असं एक माणूस नव्हतं. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, सोस.

पोरं सकाळपासून उपाशी होती. एकाने फाटक्या पोत्यातून मूठभर भात काढलं, दातांनी सोलायला तोंडाशी नेलं. बुधीने त्याचा हात धरला. बुधी आठ वर्षांची. वर्षभरात माझ्याशी चार शब्द बोलली नसेल. पोत्याला शिवलेली चिठ्ठी ती वाचत होती.

"वि-षा-री... औ-षध... ला-व-ले-लं... बी." मग माझ्याकडे वळली. "बाई, ह्ये खायाचं नाय. लिवलंय हितं."

ते तिच्याकडून कुणी घोकून घेतलं नव्हतं. मी घाईघाईने सगळ्यांचे हात पदराने पुसले. लाज वाटली मला. पोतं मी बघितलं नव्हतं, मी रडत बसले होते. पलीकडे साहेब चहाहून परतले होते, धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

उठले. सहाही जणांना घेऊन सरळ वर्गात शिरले.

"साहेब, सकाळी तुम्ही मोजलेली ही सहा मुलं. यांना वाचायला सांगा. आणि बाकीच्यांना दुसरं पान द्या."

"अगं, बाहेर हो," मोठ्या बाई म्हणाल्या. मी हलले नाही.

साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलापुढे वेगळं पान उघडलं. त्या पानावर बोट फिरवत त्याने तोच पाठ केलेला धडा म्हटला. शेवटपर्यंत, खणखणीत. त्या पोराची काय चूक? मग बुधी. अडखळत, थांबत, पण पानावर होतं तेच.

साहेबांनी पुस्तक मिटलं.

तरी शाळेला मान्यता मिळाली. मला उद्यापासून येऊ नको असा निरोप आला. त्या दोघी बाई चौकाच्या एसटी थांब्यावर दिसल्या, तर तोंड फिरवून उभ्या राहिल्या. जूनमध्ये कळलं, बुधीचं नाव पटावर नाही. मान्यता मिळाली, आता ती कशाला हवी? मी तिला वर्गात नेलं म्हणून तिचं नाव गेलं का, हे मी अजून स्वतःला विचारते.

पुढे कर्जतकडे डोंगराच्या कडेला सरकारी शाळेत लागले. चार वर्ग आणि मी एकटी. तपासणी असली की ज्याला सगळ्यात कमी येतं त्याला मी पहिल्या रांगेत बसवते. साहेब दारात आले की सांगते, "सुरुवात इथून करा. नाही आलं तर माझ्या नावावर लिहा."