मयतीला गेल्याचा गुन्हा

काकांना मी मारलं होतं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला मी गरीब बिचारा वाटायचो. तळ्याचं पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीत जाणार यावरून दोन शेतांमधल्या धुऱ्यावर जुंपली आणि मी फावड्याच्या दांड्यानं त्यांचा हात मोडला. सख्खा चुलता, वय सत्तर. राग माझ्या नाकावरच असतो, त्या दिवशी तो हातात उतरला.

तालुक्याच्या कोर्टानं दोषी ठरवलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. अटी दोनच. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला भंडाऱ्याला परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचं, आणि फिर्यादीच्या घरात पाऊल टाकायचं नाही. अट मोडली तर शिक्षा भोगायची. काकांचं घर आमच्या घराला लागूनच आहे, तरी दीड वर्ष मी तिकडे फिरकलो नाही. मधे ते आजारी पडले, खाटेला खिळले, तेही मला बायकोकडून कळत होतं.

मग काका गेले. त्यांना मूलबाळ नाही. आमच्याकडे आगीचं मडकं घरच्या पुरुषानं धरायचं, आणि ज्यानं धरलं त्यानं तेरवीपर्यंत मयताच्याच घरी राहायचं, गावाची शीव ओलांडायची नाही. घरचा पुरुष म्हणून मी एकटाच उरलो होतो. डोकं भादरलं, मडकं धरलं, तेरा दिवस काकूच्या छपरीत चटईवर झोपलो. त्यातच हजेरीची तारीख निघून गेली.

तेरवी उरकल्यावर मी अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, अर्ध्या गावाचे अर्ज मीच लिहितो. कारणही खरंखुरं दिलं: काकांचं निधन झाल्यानं तेरा दिवस त्यांच्या घरी होतो. एका अटीचा खुलासा करताना दुसरी मोडल्याची कबुली मी सहीनिशी देऊन बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण आलेला कागद त्याला पुढे पाठवावाच लागला.

तालुक्याच्या कोर्टात विचारलं, जाण्याआधी परवानगी घेतली होती का? मी म्हणालो, "मयतीले जायले परवानगी कोण मागते, साहेब?" शब्द ठीक होते, सूर ठीक नव्हता. अट मोडल्याचं सिद्ध धरून सहा महिन्यांची कैद सुनावली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात अपील केलं, तेव्हा निकाल लागेपर्यंत तरी घरी राहता आलं.

वकील म्हणाले, "मीच बोलावलं होतं, एवढं तुमच्या काकूंनी सांगावं. बाकी मी पाहतो." तिच्या घरी जायची आता माझी छाती नव्हती, बायकोला पाठवलं. काकू म्हणाली, "येईन," आणि दार लावून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी काकूला पुढे बोलावलं. "यांना तुम्ही घरी बोलावलं होतं?"

"मी नाही बोलावलं जी."

वकिलांनी डोळे मिटले. सहा महिने मला समोर दिसायला लागले.

"मयतीले का कोणी बोलावते का?" काकू पुढे म्हणाली. "आला, अन् लागला कामाले. आमच्यात असंच असते."

"मग यांच्याविरुद्ध तुमची काही तक्रार?"

"मयतीची नाही."

निकाल पुढच्या तारखेला लागला. ज्यांना त्रास होऊ नये म्हणून अट घातली होती तेच हयात नसताना अंत्यविधीला जाणं म्हणजे अट मोडणं नव्हे. हजेरी चुकण्यालाही पुरेसं कारण होतं. तालुक्याच्या कोर्टाचा आदेश रद्द झाला. त्या दिवशीही काकू आली होती.

मी खुशीत होतो. बसस्टँडवर तिला चहा दिला आणि तिच्याशेजारी बाकावर बसलो. तेरा दिवस तिच्या घरात राहिलो तेव्हाही आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"दोन महिने खाटेवर होते ते," ती म्हणाली. "दार वाजलं का तूच आला म्हणून पाहत. काहून नाही आला?"

"कोर्टाची मनाई होती ना, काकू."

तिनं कप खाली ठेवला. "मंग मेल्यावर नव्हती का?"

मयतीच्या दिवशी ती अट मला आठवलीसुद्धा नव्हती. त्याआधीचे दोन महिने मात्र रोज आठवत होती. माफी मागायला न जाण्यासाठी त्या अटीइतकं सोयीचं कारण मला दुसरं मिळालं नसतं. मला लाज वाटली. गावाकडे जाणारी लाखांदूरची गाडी लागली होती. काकू उठून एकटीच चढली, आणि मी दुसऱ्या गाडीनं गेलो.